तुम्हाला गाडीतलं कळायला कुठं लागलं? (अनुभव धागा)

पोवईनाका७६
परवा राधिका रोडला एक पद्मिनी (जुनी फियाट) बॉनेट उघडून उभी होती आणि विशीतलं एक पोरगं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉलिशपेपरनं पॉइंट घासत होतं. मला वाटत होतं ही विद्या आमच्याबरोबरच जाणार. थांबलो, गप्पा मारल्या, घरच्यांनी कोथिंबीर आणायला पाठवलंय ते पार विसरलो.

आमच्या लहानपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे मामाचं गॅरेज. पत्र्याची शेड, मधोमध खड्डा, भिंतीला ओळीनं टांगलेले पाने. मामा शिकवायचा वगैरे नाही. "चौदाचा रिंग दे" एवढंच. बाराचा दिला तर न बघता मागं भिरकवायचा. बोल्ट बघून पाना उचलायची सवय लागली ती अशी. रॉकेलच्या घमेल्यात पार्ट धुता धुता कुठला कशाशेजारी बसतो ते कळलं. फियाटचं ते १०८९ सीसीचं इंजिन, बॉनेट उघडलं की कॉइल, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर सगळं समोर. पॉइंटची गॅप, प्लगची गॅप, टॅपेट, सारा कारभार फिलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांवर. पातं सरकवताना मामा म्हणायचा, "लोण्यात सुरी गेल्यागत जाऊ नये, जरा ओढ लागली पाहिजे." ती ओढ किती, हे अजून मला कुणाला लिहून सांगता येत नाही.

आणि प्लग काढला की पुसायच्या आधी रंग बघायचा. टोक तपकिरी असलं तर जळण बरोबर. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळं आणि तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरं फटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय नाहीतर प्लग जास्त तापतोय.

मी पुढं बँकेत चिकटलो, नाद मात्र सुटला नाही. तुमचं कसं झालं? मेकॅनिक, ड्रायव्हर, हौशी, कुणीही लिहा.

माधवनगरकर
रॉकेलचा वास आला वाचताना. रात्री निवांत लिहितो.

शुभदा_खटाव
आमच्याकडं गाडी नव्हती, विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. माझी शाळा तीच. वरचा लिव्हर उचलायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि मग लिव्हर सोडायचा. लिव्हर उचललेला असला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, आत दाब होत नाही, म्हणून हँडल हलकं जातं. सोडला की हवा कोंडते, तापते, डिझेल पेटतं. शाळेत सरांनी फळ्यावर कॉम्प्रेशन काढलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आमच्या विहिरीवर रोज होतं. आणखी एक आप्पांनी पहिल्या दिवशी शिकवलं: हँडल धरताना अंगठा पलीकडून गुंडाळायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिननं उलटा झटका दिला तर हँडल निसटतं, अंगठा राहतो.

मग ट्रॅक्टर, मग जीप. डिझेल संपून लाइनीत हवा गेली की हँडपंप मारून फिल्टरच्या बोल्टातून हवा काढायची, फेस थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की आवळायचा, हे सगळं घरातल्या बायकांना येत होतं. आणि आता गॅरेजमध्ये गेलं की मिस्त्री माझ्याकडं न बघता नवऱ्याला सांगतो गाडीला काय झालंय. नवऱ्याला वायपरचं पाणी कुठं घालायचं तेही माहीत नाही.

खंबाटकी_लोकल
ताई, मिस्टर हा धागा वाचत नाहीत ना?

शुभदा_खटाव
वाचतायत. चहा टाकलाय त्यांनी, म्हणून गप्प आहेत.

खंबाटकी_लोकल
वडील ट्रकवर होते. तेव्हा बोगदा नव्हता, जाणारे येणारे सगळे खंबाटकीच्या घाटातूनच. मी केबिनमध्ये मागच्या फळीवर झोपलेला असायचो आणि नाकानं जागा व्हायचो. ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास. आपल्या गाडीचा नाही, पुढच्याच्या. वडील लगेच अंतर वाढवायचे. त्यांचा कायदा एकच: ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेक दाबून धरला की ड्रम तापतो, लायनरची पकड जाते, पाय खाली जातो आणि गाडी तशीच पळते.

हे आता पसरणीला आणि यवतेश्वरला रविवारी बघायला मिळतं. कासची फुलं बघून उतरणारी जनता, मागचे लाल दिवे अखंड. काही महाभाग तर न्यूट्रल करून उतरतात, पेट्रोल वाचतं म्हणे. अरे बाबांनो, इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळपास बंदच होतं, इंजिनला चाकं फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला परत पेट्रोल लागतं. वाचत काहीच नाही, वर ब्रेकवर सगळा भार.

वाईकर_वैद्य
कासवरून आठवलं, सीझनला पास ऑनलाइनच काढावा लागतो का? पाहुणे येणार आहेत.

पोवईनाका७६
वैद्य, ऑनलाइनच काढा, आणि शनिवार-रविवार टाळा. धागा गाड्यांचा आहे हो!

कृष्णाकाठ
माझं शिक्षण पुरानं केलं. सांगली, ऑगस्ट २०१९. आमच्या पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात. पाणी उतरलं, चिखल ओढला, आणि जो तो आधी चावी घेऊन गाडीकडं. बिल्डिंगमध्ये एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका राहतात. ते बनियनवर खाली आले आणि ओरडायलाच लागले, "सेल मारायचा नाही कुणी! बॅटरी सोडवा आधी!"

मग खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला समजावलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी असताना सेल मारला की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बुडून इंजिन मरत नाही, आपण सेल मारून मारतो. त्यांनी क्रम लावून दिला. डिपस्टिक बघा, ऑइल पांढरट दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. जुनं ऑइल आणि फिल्टर काढा. प्लग काढा. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवा. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीतून पिचकारी उडाली ती थेट माझ्या तोंडावर. डिझेलवाल्यांचं काम जास्त, इंजेक्टर नाहीतर ग्लो प्लग काढायला लागतात. नवीन ऑइल घालून, थोडं चालवून, तेही परत काढून टाकायचं. गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेक ऑइल, सगळं नवीन.

मी कॉमर्सचा माणूस. त्या महिन्यात सीटा काढल्या, कार्पेट काढलं, डॅशखालची वायरिंग हेअर ड्रायरनं वाळवली. वायरींच्या कनेक्टरांत तांब्यावर बुरशीसारखा हिरवट गंज कुठंकुठं चढतो ते पाहिलं. काका आधीच म्हणाले होते, इंजिन वाचेल, वायरिंग दिवाळीनंतर रडवेल. तसंच झालं. काच आपोआप खाली, कधी हॉर्न वाजेना. मीटर घेऊन एकेक अर्थिंग तपासत बसलो आणि त्यातच गोडी लागली.

नदीकाठच्यांसाठी एक: साध्या विम्यात पाण्यात सेल मारून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचा वेगळा ॲड-ऑन असतो. नूतनीकरणाच्या वेळी विचारून घ्या.

मिरजेची_माई
आमची पण गेली त्यात. नको ती आठवण. काकांना नमस्कार सांगा.

नागठाणे_गॅरेज
धागा चांगलाय, पण एक लिहितो, राग मानू नका. तुम्ही मामाच्या गॅरेजला सुट्टीत जायचा. आम्ही पोऱ्या म्हणून होतो तिथं. शाळा सुटली म्हणून. तुम्हाला पाना भिरकवून परत मिळायचा, आम्हाला डोक्यात मिळायचा. ग्राहकाची गाडी असली की उस्ताद टायमिंग लावताना आम्हाला मुद्दाम चहा आणायला पाठवायचा, शिकून दुसरीकडं जाईल म्हणून. मी चहा आणायला धावत जायचो आणि शेवटचा अर्धा भाग तरी बघायचो. हेडचे बोल्ट मधून बाहेर, आणि एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे, हे मला कुणी सांगितलं नाही. चहाची किटली हातात धरून बघितलंय.

आता स्वतःचं गॅरेज आहे. पोरांना बोलून शिकवतो. अठराच्या आतलं पोरगं ठेवत नाही.

पोवईनाका७६
राग कसला दादा. मामाकडंही एक पोऱ्या होता. त्याचं नाव मी वर लिहिलंच नाही, आता बसून आठवतोय.

शुभदा_खटाव
नागठाणे दादा, तुमचं गॅरेज हायवेच्या कुठल्या बाजूला? मी येते गाडी घेऊन. नवऱ्याशी बोलणार नसाल तरच.

नागठाणे_गॅरेज
तुमच्याशीच बोलणार ताई. साताऱ्याकडून येताना डाव्या हाताला. पण आधी फोन करून या, पुढचा आठवडा फुल आहे.

प्रिया१५०
गाड्या म्हटलं तर स्कूटरला बंदी नाही ना? साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, प्रिया तिथं व्हायची. बाबा त्यात होते. घरची प्रिया दर दोन रविवारी अंगणात. टू-स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल मोजून घालायचं, जास्त झालं की पेठेत धूर आणि शेजारच्या काकूंच्या शिव्या. सायलेन्सरमधली काजळी जाळणे, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) फुंकून साफ करणे, क्लचची केबल रस्त्यात तुटली तर गिअर कसा टाकायचा, हे सगळं बाबांनी खेळ म्हणून शिकवलं. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं, फक्त हवा. एवढं सांगून थांबते, कुकरची शिट्टी झाली.

आयटीआय_मिरज
मी सगळ्यांत लहान दिसतोय इथं. मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड चालूय, संध्याकाळी गॅरेजला जातो. लोक म्हणतात आता काय, स्कॅनर लावला की कळतं. तसं नसतं. स्कॅनर तक्रार सांगतो, कारण नाही सांगत. उदा. पी०३०१ हा कोड आला म्हणजे एक नंबर सिलिंडर मिसिंग मारतोय, बास. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असेल. आमचे उस्ताद स्कॅनर बघतात आणि एक नंबरची कॉइल दोनवर, दोनची एकवर टाकायला लावतात. कोड पुसायचा, गाडी फिरवून आणायची. आता पी०३०२ आला तर चोर कॉइलच. पी०३०१च राहिला तर कॉइल सोडा, प्लगची अदलाबदल करा. एक रुपया खर्च नाही.

पी०१७१ ला पण तेच. गाडीला हवा जास्त मिळतेय असं तो सांगतो, लोक लगेच सेन्सर बदलायला निघतात. उस्ताद रबरी नळीचं एक टोक कानाला लावतात, दुसरं इनटेकच्या आसपास फिरवतात. फुसफुस ऐकू आली की तिथं पाइप फाटलेला. लांब डिसमिस कानाला लावून बेअरिंग ऐकतात तसंच.

ईव्हीवर अजून हात टाकायला देत नाहीत. नारंगी केबल, म्हणजे हाय व्होल्टेजची, दिसली की हात मागं. आधी सर्व्हिस प्लग काढायचा, सांगितलाय तेवढा वेळ थांबायचं, मीटरवर शून्य बघायचं, मग पुढचं.

खंबाटकी_लोकल
भावा, तुझे उस्ताद आणि तू दोघं नशीबवान. हे कॉइलचं लिहून ठेवतो.

बागणीचा_बाजी
माझं ज्ञान: गाडी बंद पडली की बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्यानं बघणे. दोन मिनिटांत कोणतरी थांबतंच. आतापर्यंत फेल गेलेलं नाही.

मिरजेची_माई
बाजी, माझ्या दिराचं पण हेच शिक्षण.

माधवनगरकर
लिहायला बसलो आणि लाइट गेली, आता फोनवरून थोडक्यात. माझी कार्बोरेटरवाली जुनी गाडी, हौसेची. हल्ली शिकणं म्हणजे इथेनॉल. ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर सकाळी थंड इंजिन नखरे करतं, आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मऊ पडल्यात.

कारखाना_सभासद
म्हणजे आमच्या उसावर आलात. इथेनॉलमुळं कारखान्याला पैसा मिळतोय, आमची बिलं निघतायत. जरा सोसा.

माधवनगरकर
सोसतोय की. माझा पण चार एकर ऊस आहे. बिल एका खिशात येतं, ॲव्हरेज दुसऱ्यातून जातं.

पोवईनाका७६
दोघंही बरोबर. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळं ई-२० ला ॲव्हरेज थोडं पडणारच. नवीन गाडीत ऑक्सिजन सेन्सर बघतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून घेतो. कार्बोरेटरला कोण सांगणार? जेट एकदा ठरला तो ठरला, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. प्लगचा रंग बघ, पांढरटाकडं झुकला असेल तर एक माप मोठा जेट टाकून बघ. आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नको, इथेनॉल पाणी ओढतं, टाकीत तळाला बसतं.

माधवनगरकर
जेटचं बघतो. नळी कुठली घेऊ? दुकानात सगळे "हीच चालते" म्हणतात.

नागठाणे_गॅरेज
नळीवर छापलेलं वाचा. जे३० आर९ असलं तर इथेनॉलला टिकते. नुसती काळी, काही न छापलेली देत असेल तर घेऊ नका. क्लिपा पण नवीन घ्या, पट्टीच्या गोल, तारेच्या नको. आणि जुन्या नळीचा तुकडा कापून न्या, तोंडी आठची सांगितली की सहाची गळ्यात मारतात.