लाइट गेली की फिश टँकचं काय करायचं?

प्रश्न: १०० लिटरचा टँक, कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर), आत गोल्डफिश. सलग ६-७ तास लाइट नसेल तर आधी काय सांभाळायचं?

उत्तर १: आधी ऑक्सिजन. यूएसबीवरचा एअर पंप पॉवर बँकेला लावा. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप बंद पडला की पाणी नळीतून उलटं येऊन खाली सांडतं. पंप नसेल तर दर १५-२० मिनिटांनी मगभर पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता, आठ-दहा वेळा. खाणं पूर्ण बंद. दिवसभर उपाशी राहून मासे मरत नाहीत, पण पचनाला ऑक्सिजन जास्त लागतो. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले तर उशीर झालाय असं समजा.

उत्तर २: खरा घात लाइट आल्यावर होतो. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी साचून राहतं, ऑक्सिजन संपतो, पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया मरायला लागतात. तसाच चालू केलात तर ती सगळी घाण टँकमध्ये. दोन-तीन तासांहून जास्त बंद असेल तर आतलं पाणी फेका, फिल्टरमधला स्पंज आणि रिंग्ज (बॅक्टेरिया राहतात ते तुकडे) टँकच्याच पाण्यात खळबळून घ्या, मगच सुरू करा. नळाचं पाणी नको, क्लोरीन उरलेसुरले बॅक्टेरियाही मारतं. पुढचे दोन-तीन दिवस पाण्यात अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) तपासा. दिसला तर २५ टक्के पाणी बदला.

उत्तर ३: झाकण उघडं ठेवा. जिवंत झाडं असतील तर अंधारात तीही ऑक्सिजनच ओढतात, हे बरेच जण विसरतात. बेटा, गुरामी हे मासे वरची हवा घेतात, त्यांचं निभतं, गोल्डफिशचं नाही.