शब्दचर्चा : संगणकाची ‘मुत्सद्देगिरी’ आणि युद्धाचे ‘निमित्त’

प्रश्न : ‘सिव्हिलायझेशन’ किंवा ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’सारख्या रणनीतीच्या खेळांत संगणकाच्या हाती असलेली राज्ये मैत्री करतात, तह करतात आणि एके दिवशी युद्ध पुकारतात. मराठीत लिहिताना या सर्व व्यवहाराला ‘मुत्सद्देगिरी’ म्हणणे योग्य ठरेल का? ‘कॅसस बेली’ (युद्ध पुकारण्यासाठी लागणारा मान्य आधार) आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन’ या संज्ञांनाही नेमके शब्द हवे आहेत.

प्रतिसाद १ : आज ‘मुत्सद्देगिरी’ म्हटले की दूरदृष्टी, धूर्तपणा आणि समोरच्याला बोलण्यात गुंतवण्याची कला अभिप्रेत असते. संगणकाच्या वागण्यात यांपैकी फार थोडे आढळते. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ (२०१३) मध्ये एखाद्या राज्यापुढे युतीचा प्रस्ताव ठेवण्यापूर्वीच त्याच्या होकार-नकाराची कारणे अधिक-उणे आकड्यांसह पडद्यावर दिसतात. दोघांचा शत्रू एकच असेल तर बेरीज वाढते, राज्ये एकमेकांपासून दूर असतील तर घटते, आणि एकूण आकडा शून्याच्या वर गेला की होकार मिळतो. येथे मन वळवणे नसते, खाते जुळवणे असते. गंमत अशी, की ‘मुत्सद्दी’ हा अरबी मुळाचा शब्द पूर्वी कारकून आणि हिशेबनीस यांच्यासाठीही चालत असे, आणि मुघल अमदानीत सुरत बंदराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मुतसद्दी’ म्हणत. त्या जुन्या अर्थाने संगणक पुरता मुत्सद्दी आहे. आजच्या वाचकाला मात्र तो अर्थ पोहोचणार नाही. म्हणून खेळातील यंत्रणेला ‘राजनय’ म्हणावे आणि ‘मुत्सद्देगिरी’ हा शब्द माणसाच्या कौशल्यासाठी राखून ठेवावा, असे मला वाटते.

प्रतिसाद २ : ‘राजनय’ मान्य आहे, परंतु संगणक कपट करत नाही असे सरसकट म्हणता येणार नाही. ‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०) मध्ये संगणकाचा राज्यकर्ता प्रत्येक प्रतिस्पर्ध्याबाबत सात पवित्र्यांपैकी एक निवडतो : युद्ध, वैर, कपट, सावधपणा, भय, मैत्री आणि तटस्थता. कपटाचा पवित्रा घेतलेला राज्यकर्ता वरकरणी स्नेह दाखवतो, त्यामुळे हल्ल्यापर्यंत त्याच्या बोलण्यातून काही कळत नाही. स्वभावाचे आकडे साधारणपणे एक ते दहा या मापावर ठरवलेले असतात, आणि प्रत्येक डावात ते थोडे वरखाली होत असल्याने तोच राज्यकर्ता दर वेळी अगदी तसाच वागेल याची खात्री नसते. (याच आवृत्तीत गांधींच्या अणुबाँब वापरण्याच्या प्रवृत्तीला मापाबाहेरचा बारा हा आकडा मुद्दाम दिला होता. १९९१ च्या मूळ खेळात गणिती चुकीमुळे गांधी युद्धखोर झाल्याची दंतकथा या खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० मध्ये स्पष्टपणे नाकारली आहे, तरी ती अजून सांगितली जाते.)

या पवित्र्यांसाठी आपल्याकडे कौटिल्याचे षाड्गुण्य, म्हणजे परराज्यांशी वागण्याचे सहा मार्ग, आयतेच आहे : संधी (तह), विग्रह (युद्ध), आसन (स्वस्थ राहणे), यान (चढाईची तयारी), संश्रय (बलवानाचा आश्रय) आणि द्वैधीभाव. संगणक युद्ध न पुकारता सीमेवर सैन्य जमवू लागतो, त्या अवस्थेला ‘यान’ चांगला शोभतो. ‘द्वैधीभाव’ मात्र ‘दुटप्पीपणा’ म्हणून वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्याचा मूळ अर्थ एकाशी संधी करून दुसऱ्याशी विग्रह चालवणे असा आहे. ‘सिव्हिलायझेशन ६’ मधील चंद्रगुप्ताचा स्वभावही याच परंपरेतून बेतलेला दिसतो : त्याला जवळचे शेजारी खुपतात आणि दूरची राज्ये आवडतात, म्हणजे ‘शेजारी तो शत्रू’ हा कौटिल्याच्या मंडल सिद्धांताचा निम्मा भाग. शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, हा उरलेला निम्मा भाग खेळात आलेला नाही.

प्रतिसाद ३ : ‘कॅसस बेली’साठी ‘युद्धकारण’ हा शब्द सुचवला जातो, पण तो मला पटत नाही. युद्धाचे खरे कारण संगणकाच्या गणितात आधीच ठरलेले असते : शेजारी दुर्बळ आहे, त्याचा प्रांत हवा आहे, त्याचे मित्र मदतीला येण्याच्या स्थितीत नाहीत. कॅसस बेली हा त्यानंतरचा परवाना असतो. तो नसताना युद्ध पुकारल्यास ‘युरोपा’मध्ये राज्याचे स्थैर्य घटते, आणि हेरांचे जाळे पसरून शेजारच्या प्रांतावर हक्क चक्क रचताही येतो. जे रचता येते त्याला ‘निमित्त’ म्हणावे. ‘कुरापत’ हा शब्दही जवळचा आहे, परंतु कुरापत काढताना समोरच्याला प्रत्यक्ष डिवचावे लागते, तर निमित्त कागदोपत्रीही चालते.

‘अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन’चे ‘आक्रमक विस्तार’ हे शब्दशः रूप वाचकाची दिशाभूल करते. प्रांत जिंकल्यावर वाढणारा खेळातील हा आकडा जिंकणाऱ्याच्या नावावर एकगठ्ठा जमत नाही, तो पाहणाऱ्या प्रत्येक राज्याच्या मनात वेगवेगळा साठतो : जवळच्या आणि समधर्मी राज्यात अधिक, दूरच्या राज्यात कमी. संबंध बिघडलेल्या राज्यात तो पन्नासपर्यंत पोहोचला की ते राज्य तुमच्याविरुद्धच्या फळीत सामील होऊ शकते, आणि शांतता राखली तर वर्षागणिक तो ओसरत जातो. यासाठी ‘विस्ताराचा धसका’ असे म्हणावे. धसका घेणारा आणि देणारा वेगळे असतात, हे त्या शब्दात आपोआप येते.

याच न्यायाने ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये खेळाच्या २०१९ च्या विस्तारित आवृत्तीपासून आलेल्या ‘ग्रीव्हन्सेस’ना ‘गाऱ्हाणी’ म्हणावे. त्याआधी युद्ध करणाऱ्यावर केवळ ‘युद्धखोर’ असा शिक्का बसत असे. आता कोणी कोणाचे किती बिघडवले याचे दोन राज्यांमधील खाते चालते, आणि ज्याने आधी आगळीक केली त्याचे शहर घेतल्यास जग तितके बोल लावत नाही.

प्रतिसाद ४ : ‘तह’ आणि ‘ट्रूस’ यांत गल्लत होऊ नये, एवढेच जोडतो. तह म्हणजे अटी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, ती अट होती. ‘युरोपा’त तह झाल्यावर पाच ते पंधरा वर्षे युद्धाला जी आडकाठी राहते, ती कोणत्या अटीवर तह झाला यापेक्षा वेगळी बाब आहे. तिला ‘युद्धबंदी’ म्हटले तर लढाई मध्येच थांबवल्यासारखे वाटते. जुन्या पत्रव्यवहारातील ‘सलूख’ मला त्याहून बरा वाटतो. तह कोणत्या अटींवर झाला आणि सलूख किती वर्षांचा, असे दोन स्वतंत्र प्रश्न मग सहज विचारता येतात.