मदत हवी आहे: हायपोक्लोराइट आणि ॲसिडचे कंटेनर एकाच यार्डात

उरणजवळच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरचं कंटेनर ठेवण्याचं यार्ड) धोकादायक मालाच्या प्लॉटवर तीन कंटेनर येणार आहेत: कॅल्शियम हायपोक्लोराइट (यूएन क्रमांक २८८०, वर्ग ५.१ म्हणजे ऑक्सिडायझर, दुसऱ्या पदार्थांची आग भडकवणारा), पेंट (यूएन १२६३, वर्ग ३ म्हणजे ज्वलनशील द्रव) आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड (यूएन १७८९, वर्ग ८ म्हणजे क्षरणकारी). आयएमडीजीच्या (जहाजाने धोकादायक माल नेण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली) कोणता माल कोणापासून वेगळा ठेवायचा त्या तक्त्यात ५.१ चे ३ आणि ८ या दोन्हींशी '२', म्हणजे 'सेपरेटेड फ्रॉम'. पण तो तक्ता जहाजासाठी. यार्डात तुम्ही प्रत्यक्ष किती अंतर ठेवता?

खरी काळजी पावसाळ्याची. ॲसिड गळून पाण्यासोबत हायपोक्लोराइटपर्यंत गेलं, तर क्लोरीन वायू सुटेल. म्हणून नुसतं अंतर पुरेसं वाटत नाही. ॲसिड उताराच्या खालच्या बाजूला, भोवती बांध आणि गटार वेगळं, असा विचार आहे. एकच गटार असलेल्या प्लॉटवर कोणी हे कसं जमवलंय?

हायपोक्लोराइट उन्हात तापलं की आपोआप विघटन सुरू होतं. सावलीसाठी शेड हवी की वरच्या थरात न ठेवणं पुरे? सांडल्यास लाकडाचा भुसा नको, पेट घेतो. कोरडी वाळू ठेवतोय. आग विझवण्याचे एबीसी पावडरचे सिलिंडरही तिथून हलवायचे आहेत, कारण त्यातल्या अमोनियम फॉस्फेटची हायपोक्लोराइटशी घातक प्रतिक्रिया होते. आग लागल्यास भरपूर पाण्यासाठी हायड्रंट किती लांब चालेल?