बागेतलं कारंजं: ६ मीटरचा हौद, काळी माती, बोअरचं पाणी. सल्ला हवा

गिरणाकाठ: जळगावात कॉलनीच्या ओपन स्पेसमधल्या बागेत गोल हौद करून कारंजं बसवायचं आहे. व्यास ६ मीटर, पाणी ४५ सेंमी. जमीन काळी, बोअरचं पाणी जड. मंडळींना मधोमध ३ मीटरची धार हवी. पंप, नोझल, पाइप काय घ्यावं?

पंपवाला_भुसावळ: ३ मीटर विसरा भो. वारा असतो तिथे काठापासून नोझलचं अंतर धारेच्या उंचीच्या दुप्पट धरतात, नाहीतर निम्मं पाणी फरशीवर जातं. तुमच्या हौदात मधली एक धार २ मीटर, तिच्याभोवती ६० सेंमी त्रिज्येवर सहा धारा १.२ मीटरच्या. या हिशोबाने मधली खरं तर दीड मीटरच बसते, म्हणून तिला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा, वारा सुटला की ती बंद.

१० मिमी भोकाच्या साध्या नोझलला २ मीटर धारेसाठी मिनिटाला साधारण ३० लिटर लागतं, १.२ मीटरला २३. सगळे मिळून १७० होतात, २०० धरा. पंप ६ मीटर हेडला (म्हणजे तेवढ्या उंचीच्या दाबाला) मिनिटाला २०० लिटर देणारा हवा, १ एचपीत भागतं. दुकानदार घरगुती १ एचपीचा देईल, तो पाणी उंच चढवतो पण देतो कमी. एचपी विचारू नका, डिस्चार्जचा तक्ता मागा, म्हणजे किती हेडला किती पाणी देतो ते कळतं. पाइप ६३ मिमी पीव्हीसी, गोल रिंग करून दोन्ही तोंडं जोडा, म्हणजे सहाही धारा सारख्या उठतात. पाइप जळगावातच बनतात, त्यांची चिंता नाही.

मुरूमखडी: पंप नंतर. आधी माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हौद तळ नि भिंतीच्या सांध्यात फुटतो. निदान ७५ सेंमी माती काढून मुरूम १५-१५ सेंमीच्या थरांत पाणी मारून दाबा. वर १० सेंमी पीसीसी (साधं काँक्रीट), मग एम-३० प्रतीचं १५ सेंमी आरसीसी (सळईचं काँक्रीट). तळ-भिंतीच्या सांध्यात वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी), भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाला पडल फ्लँज (काँक्रीटमध्ये गाडायची पाइपाभोवतीची चकती). पाइप टाकायला नंतर छिन्नीने भोक पाडलं की गळती ठरलेलीच.

टाइल लावण्याआधी ७ दिवस पाणी भरून ठेवा. पाण्याने भरलेली बादली हौदातच उभी करा. बादलीत नि हौदात पातळी सारखीच उतरली तर ती वाफ, हौदात जास्त उतरली तर गळती.

गिरणाकाठ: वाफ किती धरायची?

पंपवाला_भुसावळ: मे महिन्यात दिवसाला १० मिमी धरा. तुमच्या २८ चौ. मीटरवर २८० लिटर, धारा उडतात त्याचं वेगळं. टॉप-अपला फ्लोट व्हॉल्व्ह लावा, पंपाला वेगळा फ्लोट स्विच, कोरडा चालला की सील जातं.

खरी गोम क्षारांची. वाफ उडते, क्षार मागे राहतात. हौदात १२,७०० लिटर, म्हणजे दीडेक महिन्यात क्षार दुप्पट. दर आठवड्याला थोडं पाणी सोडून ताजं भरा. सोडलेलं पाणी खारट, रोज एकाच झाडाला नको. नोझल पितळी, आटे असलेलं, काढता येणारं घ्या. फेसाळ नोझल दिसतं छान, पण त्याची हवेची बारीक भोकं पांढऱ्या खरपुडीने आधी बुजतात. साफ करायला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, अर्धा तास.

गिरणाकाठ: डासांसाठी गप्पी मासे सोडू का? मुलं पाण्यात हात घालतीलच.

मुरूमखडी: मासे की क्लोरीन, एकच ठरवा. मुलं भिजणार, तुषार श्वासात जाणार, तर क्लोरीनच. १ पीपीएमला (लिटरला १ मिलिग्रॅम) तुमच्या हौदात ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर साधारण ४० ग्रॅम, बादलीत विरघळवून निवळी टाका, गाळ नको. संध्याकाळी टाका, उन्हात ते उडतं. कारंजं आठवडाभर बंद राहणार असेल तर हौद रिकामा करून सुकवा.

वीज: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर हौदाबाहेर, पॅनेलवर सावली. मोटरला अर्थिंग वेगळं करा आणि पाण्यात पंप ठेवणार असाल तर केबलचा जोड पाण्याबाहेरच काढा.