मदत हवी आहे: विंडोज ११ आपोआप बसतं, पण शेवटची स्क्रिप्ट ८ मशीनवर चालतच नाही

नमस्कार मंडळी,

दोन दिवस डोकं खपवलं, आता धागा काढतोय. एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबचं काम घेतलंय, एकूण १४ मशीन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून मागे लागलो होतो. आत्ता कुठे सुट्टीत लॅबची किल्ली हातात मिळाली. चौदा वेळा नेक्स्ट-नेक्स्ट दाबत बसायला नको म्हणून पेनड्राइव्हच्या रूटला ऑटोअनअटेंडची एक्सएमएल फाइल (उत्तर फाइल, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली) टाकली. पार्टिशन, भाषा, टाइमझोन, लोकल अ‍ॅडमिन खातं, सगळं तीच करते. तिथवर काही तक्रार नाही.

पुढची कामं, म्हणजे लिब्रेऑफिस बसवणं, स्लीप बंद करणं, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावणं, सेटअपकम्प्लीट डॉट सीएमडी या, विंडोज बसून झाल्यावर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहिली आहेत. ती फाइल पेनड्राइव्हवरच्या सोर्सेसमधल्या ओईएम फोल्डरात (आगेमागे डॉलर असलेलं) ठेवली, तिथून ती सी ड्राइव्हच्या विंडोज, सेटअप, स्क्रिप्ट्स या फोल्डरात जाते. व्हर्च्युअल मशीनवर तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा झकास.

लॅबमध्ये मात्र ६ असेंबल्ड मशीनवर स्क्रिप्ट चालली आणि ८ ब्रँडेड डेस्कटॉपवर नाही. पेनड्राइव्ह एकच, एक्सएमएल एकच.

स्क्रिप्टचं पहिलंच काम म्हणजे सी ड्राइव्हवर एक टेक्स्ट फाइल करून त्यात तारीख-वेळ लिहिणं. त्या ८ मशीनवर ती फाइलच नाही. म्हणजे स्क्रिप्ट मध्येच अडकली असं नाही, ती सुरूच झाली नाही. बरं, सीएमडी फाइल मात्र जागेवर आहे! तिच्यावर राइट क्लिक करून अ‍ॅडमिन म्हणून चालवली की मुकाट्याने चालते. पेनड्राइव्ह बदलला, आयएसओ नव्याने उतरवला, बायोस अपडेट केलं. फरक शून्य.

जाता जाता: त्या ६ मशीनवर लिब्रेऑफिस आलं, स्लीप बंद झाली, पण मराठी कीबोर्ड आला नाही. तो वेगळा विषय असावा.

प्रतिसाद १

फाइलचं नाव एकदा नीट बघा. एक्स्टेंशन लपवलेलं असेल तर सीएमडीच्या मागे टीएक्सटी चिकटलेलं दिसत नाही. मी यात अख्खी रात्र घालवली आहे. दुसरं, स्क्रिप्टमध्ये मराठीत कॉमेंट लिहिल्या आहेत का? नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंगची खूण) सेव्ह झाली तर पहिल्या ओळीच्या आधी अदृश्य अक्षरं येतात आणि ती ओळ फुकट जाते.

धागाकर्ता

एक्स्टेंशन बरोबर आहे. मराठी कॉमेंट होत्या, बीओएमही निघाला! काढून टाकला. पण फाइल तीच असताना ६ मशीनवर चालली होती, त्यामुळे गुन्हेगार तो नसावा. पुन्हा करून पाहिलं, ८ मशीन तशीच.

प्रतिसाद २

दादा, स्क्रिप्टला हात लावू नका, लायसन्स बघा. ब्रँडेड मशीनच्या फर्मवेअरमध्ये कंपनीने विंडोजची की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, घातलेली असते; तिलाच ओईएम की म्हणतात. सेटअप ती आपली आपण उचलतो. आणि ओईएम की असेल तर विंडोज सेटअपकम्प्लीट चालवतच नाही. हा बग नाही, मायक्रोसॉफ्टने मुद्दाम तसं ठेवलंय. एंटरप्राइज आवृत्तीला सूट आहे, होम आणि प्रोला नाही. तुमच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आणि असेंबल्डमध्ये अशी की नाही, म्हणून तिथे चाललं.

खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय द्या. ओईएम डीएम चॅनल असं आलं तर समजून जा. शिवाय विंडोजमधल्या पँथर फोल्डरात अनअटेंडजीसी आहे, त्यातली सेटअपअ‍ॅक्ट लॉग उघडा आणि सेटअपकम्प्लीट हा शब्द शोधा.

धागाकर्ता

शोधला. ओळ समोरच होती: क्लायंट आवृत्ती आणि ओईएम लायसन्स सापडलं, सेटअपकम्प्लीट चालवणार नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना मी बायोस अपडेट करत बसलो होतो. ब्रँडेडवर ओईएम डीएम, असेंबल्डवर रिटेल. आता उपाय काय? शाळेकडे व्हॉल्यूम लायसन्स (अनेक मशीनसाठी एकत्र घेतलेलं) नाही, आणि कुठली तरी की शोधून टाकायची नाहीये.

प्रतिसाद २

कशाला टाकताय, कंपनीची की हक्काची आहे, तीच राहू द्या. स्क्रिप्टची जागा बदला. उत्तर फाइलमध्ये ओओबीई सिस्टिम या सेटअपच्या शेवटच्या टप्प्यात फर्स्ट लॉगऑन कमांड्स, म्हणजे पहिल्या लॉगिनला चालणाऱ्या कमांड, असतात, तिथून बोलवा. त्यांना लायसन्सशी देणंघेणं नाही. सोबत त्या लोकल अ‍ॅडमिनचं ऑटोलॉगऑन एकदाच होईल असं ठेवा, नाहीतर कोणी लॉगिन करेपर्यंत स्क्रिप्ट वाट बघत बसेल. पासवर्ड त्या एक्सएमएलमध्ये राहतो, तेव्हा पेनड्राइव्ह लॅबच्या टेबलावर सोडू नका आणि काम झालं की पासवर्ड बदला.

तुमच्या कीबोर्डचं कोडंही यातच आहे. सेटअपकम्प्लीट सिस्टिम या विंडोजच्या स्वतःच्या खात्यातून चालते. तुम्ही मराठी कीबोर्ड लावलात तो त्या सिस्टिम खात्याला! त्या बिचाऱ्याला मराठी टाइप करायचं नाहीये. फर्स्ट लॉगऑनवाली स्क्रिप्ट लॉगिन झालेल्या माणसाच्या नावाने चालते, त्यामुळे कीबोर्ड तिथे आपोआप जागेवर येईल.

धागाकर्ता

आज दुपारी ८ पैकी ३ मशीन नव्याने केली. लॉगिन झालं, काळी खिडकी उघडली, सी ड्राइव्हवर तारीख-वेळेची फाइल आली. ती बघून जो आनंद झाला तो इथे सांगण्यात अर्थ नाही. मध्ये एकदा अर्ध्यावर थांबली, पण ती माझी चूक. मुख्य स्क्रिप्टमधून दुसरी बॅच फाइल बोलावताना आधी कॉल लिहिलं नव्हतं, त्यामुळे दुसरी संपल्यावर पहिलीकडे परत येतच नव्हती.

अ‍ॅडमिन खात्यात मराठी कीबोर्ड आलाय. मुलांसाठीच्या विद्यार्थी खात्यात नाही. ते खातं कसं गाठू?

प्रतिसाद १

विंडोज ११ आहे ना? मग पॉवरशेलमध्ये कॉपी-यूजरइंटरनॅशनलसेटिंग्जटूसिस्टिम ही कमांड आहे, तिला न्यूयूजरचा पर्याय ट्रू द्या. कीबोर्ड लावणाऱ्या ओळीच्या खाली टाका. फक्त विद्यार्थी खात्यात त्याआधी कोणी लॉगिन केलेलं नसावं, कारण ही सेटिंग नव्याने बनणाऱ्या प्रोफाइललाच (खात्यात पहिल्यांदा लॉगिन केल्यावर बनणाऱ्या सेटिंग्जच्या संचाला) लागते.

धागाकर्ता

तीनपैकी एकावर शिपाईकाका विद्यार्थी खात्यात जाऊन पत्ते खेळून आलेत. तिथली प्रोफाइल उडवतो. बाकी ११ उद्या, ६ असेंबल्डसुद्धा याच पद्धतीने परत करतो, म्हणजे सगळीकडे एकच पेनड्राइव्ह चालेल.