पाच नंबर, तीन गावं: फॅमिली प्लॅन घ्यावा का?

जांबोटीची सून

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण घरात सगळे मला विचारतात आणि मला अजून पक्कं काही ठरवता येईना झालंय.

आम्ही अनगोळला राहतो: मी, हे आणि दहावीतली मुलगी. मुलगा कोल्हापुरात डिप्लोमाला आहे, त्याचा नंबर तिकडेच घेतलेला. सासूबाई जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेला आत जे गाव आहे तिथं एकट्या असतात. बेळगावला चला म्हटलं की म्हणतात, "येतो की, खरं म्हशीची धार कोण काढणार?" विषय तिथंच संपतो.

आमचे चौघांचे नंबर जिओ प्रीपेड. ह्यांना आणि मुलाला ३४९ (रोज २ जीबी), मला आणि मुलीला २९९ (रोज दीड जीबी). सासूबाईंच्या बटणाच्या फोनला १९९. सगळे २८ दिवसांचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बेरीज मांडली तर एका फेरीला १,४९५ होतात. २८ दिवसांमुळं वर्षात बारा नाही, तेरा फेऱ्या येतात, म्हणजे १९,४३५ रुपये. ह्यांचा पगार उद्यमबागेतल्या फौंड्रीतला, त्यामुळं एवढी रक्कम डोळ्यांवर येते.

शेजारच्या वहिनींनी एअरटेलचा चौघांचा ११९९ वाला पोस्टपेड घेतलाय. भाऊ सांगतो जिओचा ४४९ घे आणि १५० ला एकेक सिम जोड. दोघेही स्वस्त पडतं म्हणतात. खरं मला पैशाइतकीच रेंजची काळजी आहे. ह्या ऑगस्टात गावात दोन दिवस लाईट नव्हती आणि सासूबाईंचा फोन लागेना. एकाही कंपनीचा टॉवर चालू नव्हता. शेवटी हे भर पावसात मोटरसायकलनं गेले. त्या अंगात ताप घेऊन, डोक्यावर घोंगडं घेऊन दारातल्या फणसाखाली उभ्या होत्या. एरवी त्या फणसाखालीच रेंज येते, म्हणून सकाळपासून चार वेळा तिथं येऊन गेल्या होत्या.

तर पाचही नंबर एका बिलात घ्यावेत का? आणि सासूबाईंसाठी काय करावं?

खानापूरचा दुकानदार

वहिनी, माझं मोबाईलचंच दुकान आहे, रोज हेच हिशेब करतो. पहिली गोष्ट: प्रीपेडच्या किमतीत जीएसटी आलेला असतो, पोस्टपेडला १८ टक्के वरून लागतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आकडे धरून सांगतो.

११९९ चे जीएसटीसह १,४१४ रुपये ८२ पैसे होतात. बारा महिन्यांचे जवळजवळ १६,९७८. तुम्ही चौघं आज १,२९६ च्या तेरा फेऱ्या मारता, म्हणजे १६,८४८. बचत काहीच नाही. डेटाही तोच: त्यात चौघांत मिळून १९० जीबी, तुमचा आज २८ दिवसांचा १९६. शेजारच्या वहिनींना परवडत असेल तर त्यांचे आधीचे रिचार्ज मोठे असणार.

जिओचं ४४९ अधिक तीन सिम ४५०, म्हणजे ८९९. जीएसटी धरून १,०६० रुपये ८२ पैसे, वर्षाला १२,७३० च्या आसपास. इथं चार हजार वाचतात. पण डेटा बघा: मुख्य नंबरचा ७५ जीबी आणि जोडलेल्या सिममागे ५, एकूण ९० जीबी चौघांत. त्याच्या वर गेलात की जीबीला १० रुपये. प्रीपेडचा रोजचा कोटा संपला तर रात्री बाराला परत मिळतो. पोस्टपेडचा महिन्याचा डेटा पंधरा तारखेला संपला की बिल वाढत जातं, आणि दहावीच्या मुलीच्या हातात फोन आहे.

म्हणून आधी प्रत्येकाच्या फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापर उघडून मागच्या महिन्याचा आकडा कागदावर घ्या. माझ्या दुकानात येणारी निम्मी माणसं रोज २ जीबीचे पैसे भरतात आणि अर्धा जीबीच वापरतात.

आणि सासूबाईंना डेटा कशाला? ट्रायच्या (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे प्लॅन काढावे लागले. एअरटेलचा १८४९ मध्ये ३६५ दिवस, जिओचा १७४८ मध्ये ३३६ दिवस. १९९ च्या तेरा फेऱ्यांना तुमचे २,५८७ जातात. शिवाय वर्षभर कुणी रिचार्ज विसरायचं नाही. म्हातारी माणसं गावात एकटी असली की ही गोष्ट मला पैशापेक्षा मोठी वाटते. फक्त जिओला २जी नाही, तिथं बटणाचा फोन ४जी वालाच लागतो.

तुरमुरीकर

मुलाचं मी सांगतो. कोल्हापुरात घेतलेला नंबर महाराष्ट्र सर्कलचा (सर्कल म्हणजे फोन कंपन्यांचा विभाग), तुमचे कर्नाटकचे. माझ्या पुतण्याचा तसाच होता. घरच्या बिलात जोडायला गेलो तर दुकानात म्हणाले आधी नंबर कर्नाटकात पोर्ट करून आणा. दुसऱ्या सर्कलमध्ये पोर्टला कामाचे पाच दिवस धरा. मग मी विचार केला, पोरगा राहणार तिकडं, कशाला हलवायचा?

आम्ही हद्दीवर राहणारी माणसं, आमचा फोन वेंगुर्ला रोडनं शिनोळीला गेला की महाराष्ट्राचा टॉवर धरतो आणि बाचीत परत आला की कर्नाटकचा. एकेकाळी शेतात उभं राहून फोन उचलला तरी रोमिंगचे पैसे कटायचे, कारण बांधापलीकडचा टॉवर जवळ. बापू तर फोन बंद करूनच शेतात जायचे. आता रोमिंगला काही लागत नाही, त्यामुळं सर्कल वेगळं असलं तरी बोलायला अडत नाही. मुलाचा प्रीपेड तसाच राहू द्या.

आशाताई, खानापूर तालुका

ताई, तुमच्या सासूबाईंचं फणसाखालचं वाचलं आणि थांबवेना. मी ह्याच भागात आशा कार्यकर्ती आहे. कुणाच्या घरात, कुणाच्या गोठ्यामागं, कुणाच्या देवळाच्या पायरीवर रेंज येते हे मला घरोघरी पाठ आहे, कारण बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची असते तेव्हा तेवढीच जागा कामाची.

कंपनीच्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा असतो. तो बघा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. नकाशात गाव रंगवलेलं असतं, घराच्या भिंती नसतात. आपल्याकडच्या जुन्या घरांना हात-दीड हात जाडीचा जांभा आणि मातीचा गिलावा. अंगणात चांगली असलेली रेंज माजघरात मरते. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून थोड्या तरी शिरतात, २३०० च्या वरच्या अडतात. म्हणून एकाच गावात एका कंपनीचा फोन घरात लागतो, दुसरीचा अंगणातच लागतो.

मोजायची रीत अशी. स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडा, त्यात सिमची स्थिती असते आणि तिथं सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो. उणे ८५ च्या आसपास उत्तम, उणे १०० ला चालतंय, उणे ११० च्या पलीकडं गेला की आवाज तुटणार. काड्या बघू नका, त्या दर फोनला वेगळ्या दिसतात. दोन-तीन कंपन्यांची सिमं घेऊन जा आणि सासूबाई जिथं बसतात, झोपतात, धार काढतात तिथं मोजा. नंतर तेच सिम त्यांच्या स्वतःच्या फोनात घालून कॉल लावा. तुमचा फोन ४जी धरेल, त्यांचा २जी, आकडा सारखा येईलच असं नाही.

लाईटचं म्हणाल तर टॉवरची बॅटरी काही तासांची असते, नंतर डिझेल कुणी आणून टाकलं तर चालतो. मलप्रभेच्या उगमाकडचा आपला पाऊस, वाटेत झाड पडलं की डिझेल कुठून येणार? त्या दिवसांत कुठलाच प्लॅन उपयोगी नाही. शेजारच्या एका घराशी बोलून ठेवा, लाईट गेली की संध्याकाळी एक माणूस सासूबाईंच्या दारात डोकावेल. माझ्या सगळ्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी मी तसं लावून दिलंय. तुमचं गाव माझ्याकडं येत असेल तर मला निरोप पाठवा, मी स्वतः जाते.

जांबोटीची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही तिघं तीन सिमं घेऊन गावी गेलो. मुलीनं वहीत आकडे लिहिले.

सासूबाईंच्या आत्ताच्या सिमची रेंज चुलीपाशी उणे ११७, पडवीत उणे १०५, फणसाखाली उणे ९४. भावाच्या सिमची सगळीकडं त्याहून वाईट. शेजारच्या वहिनींकडून मागून नेलेल्या सिमची पडवीत उणे ९२, आणि पडवीच्या भिंतीत दिवा ठेवायची देवळी आहे तिथं उणे ८९. ते सिम सासूबाईंच्या फोनात घालून देवळीपाशी उभं राहून ह्यांना फोन लावला. हे गोठ्यापलीकडं होते. आवाज स्वच्छ. सासूबाईंनी तीनदा "ऐकू येतंय काय?" विचारलं आणि तिन्ही वेळा आलं.

डेटाचे आकडेही काढले: ह्यांचा महिन्याचा १८ जीबी, माझा २२, मुलीचा ३१. एकूण ७१. मुलाला बाहेर ठेवलं तर आम्हा तिघांना जिओचा ४४९ आणि दोन सिमं पुरतात, ८५ जीबी मिळतो. जीएसटीसह महिन्याला ८८४, वर्षाला १०,६०६. प्रीपेडला तिघांचे १२,३११ जात होते. सासूबाईंना वर्षाचा बोलण्याचा प्लॅन मारणार. मुलीला सांगितलंय, ८५ च्या पुढं गेलं तर पुढच्या महिन्यात परत प्रीपेड.

सासूबाईंचा नंबर तोच ठेवून वहिनींच्या सिमच्या कंपनीत न्यायचं ठरवलं, म्हणून त्यांच्या फोनातून १९०० ला पोर्टचा मेसेज पाठवला आणि कोड आला. तो चारच दिवस चालतो, म्हणून सोमवारीच त्यांना खानापूरला नेऊन अंगठा देऊन आलो. जुनं सिम बंद होईपर्यंत त्या फणसाखाली जातीलच.

आशाताई, शेजारच्या घरी बोलले. त्यांचा थोरला मुलगा रोज दूध घालायला जाताना दारात हाक मारून जाईल म्हणाला. तुम्हाला गावाचं नाव निरोपात पाठवलंय.