फुकट आहे म्हणून कसंही वाचायचं का? (लिब्रिव्हॉक्स आणि आर्थरच्या कथा)

भटकी_वाचक
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लिब्रिव्हॉक्स हा 2005 पासून चालू असलेला उपक्रम. कॉपीराइट संपलेली पुस्तकं जगभरातले हौशी लोक घरी बसून वाचतात. रेकॉर्डिंग फुकट ऐका, वाटा, विकलंत तरी चालतं. काम थोरच आहे.
पण सध्या मी राजा आर्थरच्या दंतकथा ऐकतेय, सामूहिक वाचनातल्या, म्हणजे एकाच पुस्तकाची प्रकरणं वेगवेगळ्या लोकांनी वाटून घेऊन वाचलेली. एका प्रकरणात गवेन, पुढच्यात गावेन, मग आणखी भलतंच काहीतरी. तोच सरदार आहे हे कळायला मला दोन प्रकरणं लागली. एक वीर शेवटचे श्वास मोजतोय आणि वाचणारे गृहस्थ वाणसामानाची यादी वाचल्यासारखे वाचतायत. आवाजाची परीक्षा न घेता कुणालाही पुस्तक द्यायचं, हे मला पटत नाही. फुकट दिलं म्हणजे जबाबदारी संपली का?

माइकवाली_पुणे
मी तिथे वाचते, म्हणून थोडं आतलं सांगते. परीक्षा नाही हा हलगर्जीपणा नव्हे, तो ठरवून केलेला नियम आहे. सुरुवातीला एक मिनिटाचा नमुना पाठवायचा असतो, पण त्यात तपासतात ते तुमचं यंत्र. आवाजाची पातळी 89 डेसिबलच्या आसपास हवी, शेवटी 5 सेकंद शांतता हवी, मागे घरघर नको. आमच्याकडे दिवसा भंगारवाला आणि शेजारचा कुकर, त्यामुळे रात्री अकरानंतर पंखा बंद करून, कपाटाला गोधडी टांगून वाचते. घाम निथळत असतो. मग प्रूफ ऐकणारा कळवतो, "7:42 ला वाक्य दोनदा आलंय." उच्चारावर अवाक्षर नाही.
परीक्षा ठेवली असती तर सगळ्यात आधी माझं मराठी वळणाचं इंग्रजी बाद झालं असतं. आणि एकाच पुस्तकाची दोन-तीन वाचनं तिथे चालतात. एक नाही आवडलं तर दुसरं बघा, बऱ्याचदा एकाच माणसाने वाचलेलंही सापडतं.

टोकदार
एवढा घाम कशाला गाळता? 2023 मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्गने (कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांचं फुकट ऑनलाइन ग्रंथालय) मायक्रोसॉफ्टला सोबत घेऊन सुमारे 5,000 पुस्तकं यंत्राच्या आवाजात काढली. शेवटपर्यंत आवाज एक, उच्चार एक. हौशी वाचकांचे दिवस भरले.

कानसेन
@टोकदार, मला दिसत नाही. बँकेचे मेसेज, बातम्या, हा तुमचा प्रतिसादसुद्धा, सगळं यंत्रच वाचून दाखवतं, तेही भरधाव. रात्री गोष्ट ऐकताना तरी माणूस असू दे. अडखळला तरी चालेल.
मात्र धागाकर्तीचा वैताग मला कळतो. माझी तक्रार निराळी आहे: दर भागाच्या सुरुवातीला "हे लिब्रिव्हॉक्सचं रेकॉर्डिंग आहे" ही तीच घोषणा. प्रकरणं छोटी असली की ऐकून ऐकून ती पाठच होते.

जुना_बखरकार
प्रकरणं छोटी आहेत ती कॅक्स्टन या जुन्या इंग्रज मुद्रकाची कृपा. आर्थरच्या कथा इंग्रजीत एकत्र लिहिणाऱ्या मॅलरीचा ग्रंथ त्याने 1485 साली छापला तेव्हा 21 भाग पाडले, त्यांची बारीक प्रकरणं केली, वर मथळे दिले. वाटून घेऊन वाचायला याहून सोयीचं काय असणार? आणि गवेनचं म्हणाल तर जुन्या पोथ्यांतही ते नाव एकसारखं लिहिलेलं नाही. मग प्रमाण उच्चार कुणाचा धरायचा?
जरा अवांतर. श्रावणातल्या आपल्या कहाण्या किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 साली इंग्रजीत छापल्या, धुरंधरांच्या चित्रांसह. तो मजकूर गुटेनबर्गवर आहे. मूळ मराठी कहाण्या मात्र ज्याच्या हाती पुस्तक येई तो वाचायचा, बाकीचे अक्षता धरून ऐकायचे. आमची आत्या शुक्रवारची कहाणी एका दमात उरकायची, पुरणाचा नैवेद्य निवतो म्हणून. तिची कोणी परीक्षा घेतली?

भटकी_वाचक
बखरकार, तुमची आत्या समोर होती! "पुन्हा सांग" म्हणता यायचं. इथे फाइल कायमची राहते. हक्क सोडून दिल्यावर ती परत कशी घेणार? उद्या कुणी तीच उचलून यूट्यूबवर टाकली की नव्या ऐकणाऱ्याच्या कानावर आधी तीच पडणार, आणि तो म्हणणार, मॅलरी कंटाळवाणा आहे. परीक्षेचा आग्रह सोडते. पण सामूहिक पुस्तकाला हात घालण्याआधी नावांची यादी करून उच्चार ठरवून घ्या, एवढं तर कराल?

माइकवाली_पुणे
कुणी यादी दिली तर मी पाळेन. सक्ती केलीत तर निम्मे लोक पळतील. पगार थोडाच आहे कुणाला.

टोकदार
म्हणजे ऐकणाऱ्यांनी सोसायचं. बरं, कहाण्यांचं काय? त्या तरी मराठीत वाचा की.

माइकवाली_पुणे
वाचायला तयार आहे, खुलभर दुधाची मला द्या. फक्त छापील साल असलेली जुनी प्रत हवी. लिब्रिव्हॉक्स अमेरिकेचा कायदा बघतं, म्हणजे ढोबळ मानाने छापल्यापासून 95 वर्षं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60. त्यामुळे 1950 साली वारलेल्या लेखकाचं 1935 चं पुस्तक इथे मोकळं आणि तिथे अडकलेलं, असं होतं. बखरकार, आत्याच्या पुस्तकाचं पहिलं पान शाबूत आहे का?

जुना_बखरकार
पुस्तक आहे. पहिलं पान वाळवीने खाल्लंय.